फॉर्मॅट मारण्याआधी

११ मार्च २०१३ रोजी लखनौच्या कॉल्विन तालुकेदार कॉलेजात उत्तर प्रदेशचे तेव्हाचे मुख्यमंत्री अखिलेश यादव यांनी दहा हजार विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटले. ती सुरुवात होती. २०१२च्या विधानसभा निवडणुकीत समाजवादी पक्षाने बारावी झालेल्या मुलामुलींना लॅपटॉप देण्याचं वचन दिलं होतं, आणि पुढे राज्यभर मिळून सुमारे १५ लाख लॅपटॉप वाटले गेले. (याच पक्षाच्या २००९च्या लोकसभा जाहीरनाम्यात संगणकाच्या वापराला विरोध होता; तीन वर्षांत मतपरिवर्तन झालं, हे बरंच झालं.) कंत्राट एचपी कंपनीला मिळालं, नगामागे १९,०५८ रुपये दराने. १४ इंची पडदा, २ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि त्या डिस्कवर शेजारीशेजारी नांदणाऱ्या दोन ऑपरेटिंग सिस्टीम : विंडोज ७ आणि उबुंटू लिनक्स. लॅपटॉप सुरू केला की पडद्यावर अखिलेश आणि त्यांचे वडील मुलायमसिंह यांची छबी झळके. ती काढायला गेलं तर सिस्टीमच कोलमडते, अशा बातम्या त्या वेळी वर्तमानपत्रांत आल्या होत्या. विरोधकांनी या छबीवरून गदारोळ केला, तोही रीतीप्रमाणेच. पण त्या गदारोळात एक साधा प्रश्न बाजूला राहिला : लॅपटॉप विद्यार्थ्याचा झाला, पण त्यातली सिस्टीम कोणाची?

हा प्रश्न तात्त्विक वाटतो, पण त्याला उत्तर द्यायची वेळ अगदी व्यवहारात येते. डिस्क मंदावते किंवा मरायला टेकते तेव्हा. त्या पिढीचा लॅपटॉप आज ज्याच्या घरी आहे, मग तो लखनौत फुकट मिळालेला असो की लातुरात हप्त्यावर घेतलेला, त्याची तक्रार एकच असते : बटण दाबून चहा करून आलं तरी पडद्यावरचं चक्र फिरतंच आहे. तो माणूस दुरुस्तीच्या दुकानात जातो. लखनौत हजरतगंज-लालबागच्या बाजूला नाझा मार्केट आहे, मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे. गावं वेगळी असली तरी सल्ला बहुधा सारखाच मिळतो : फॉर्मॅट मारून नवीन विंडोज टाकू, नाहीतर आता नवाच घ्या. या दोन्ही सल्ल्यांवर माझा आक्षेप आहे. माझं म्हणणं असं की असा लॅपटॉप निकालात काढण्याआधी त्याची फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी, आणि ती बसवताना होती ती सिस्टीम, तिच्यातल्या सगळ्या खाणाखुणांसह, नव्या डिस्कवर न्यावी. पुसून नव्याने टाकणं हा राखून ठेवायचा पर्याय आहे. तो पहिला उपाय होऊ नये.

आधी डिस्कच का, हे पाहू. लॅपटॉपमधली साधी हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी साडेपाच मिलिसेकंद वाट पाहावी लागते. त्याआधी ते टोक योग्य वर्तुळावर न्यायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद. हिशेब केला तर अशी डिस्क सेकंदाला पन्नास-साठ वेगवेगळ्या ठिकाणांहून माहिती उचलू शकते, त्याहून फार जास्त नाही. एकच मोठा चित्रपट सलग वाचायचा असेल तर ही मर्यादा जाणवत नाही, कारण टोक एकदा जागेवर गेलं की माहिती ओघाने येते. पण विंडोज सुरू होताना सलग वाचन नसतंच. डिस्कभर विखुरलेल्या हजारो लहान फाइली उघडाव्या लागतात. त्यातच अँटीव्हायरस आपली तपासणी सुरू करतो, अपडेट आपलं घोडं दामटतं, आणि सगळे त्या एका टोकाच्या दारात रांग लावतात. प्रोसेसर या काळात बहुतेक वेळ रिकामा बसलेला असतो. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. हवी ती जागा मिळायला तिला मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून कमी वेळ लागतो, आणि अगदी स्वस्तातली एसएसडीही सेकंदाला हजारो वाचनं सहज करते. जुन्या लॅपटॉपच्या साटा जोडणीची कमाल गती सेकंदाला ३०० किंवा ६०० मेगाबाइट असते, त्यामुळे नव्या एसएसडीचा पूर्ण वेग तिथे मिळणार नाही, असं काही जाणकार म्हणतात. ते खरं आहे, पण गैरलागू आहे. आपला वेळ खातो तो शोधण्याचा विलंब, आणि तो जोडणी जुनी असली तरी जातोच.

मग जुन्या डिस्कवरचं सगळं उचलून नव्या डिस्कवर कॉपी-पेस्ट का करू नये? फोटो आणि पत्रं तशी नेता येतात. सिस्टीम नेता येत नाही. कारण ती फायलींचा ढीग नसून डिस्कच्या विशिष्ट जागांशी बांधलेली रचना आहे. विंडोज ७ च्या काळातल्या बहुतेक डिस्कांचा पहिला सेक्टर, म्हणजे पहिले ५१२ बाइट, हा डिस्कचा सातबारा असतो. त्यातल्या ४४६ बाइटांत सिस्टीम जागी करणारा छोटा प्रोग्राम आणि डिस्कची चार बाइटांची ओळखखूण असते, पुढच्या ६४ बाइटांत चार पार्टिशनांची, म्हणजे डिस्कच्या विभागांची, नोंद आणि शेवटचे दोन बाइट सहीचे. कुठलंही फोल्डर उघडून हा सेक्टर दिसत नाही, त्यामुळे कॉपी-पेस्टमध्ये तो येत नाही. विंडोज ७ आणखी १०० मेगाबाइटचं एक लपवलेलं पार्टिशन करतं. सुरू होण्याची यादी तिथे असते, आणि त्या यादीत विंडोज कुठे आहे हे ‘सी ड्राइव्ह’ अशा नावाने लिहिलेलं नसतं, डिस्कच्या त्या चार बाइटांच्या खुणेने लिहिलेलं असतं. उबुंटूचीही तीच तऱ्हा. कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं हे तो प्रत्येक पार्टिशनच्या लांबलचक ओळखक्रमांकावरून ठरवतो. २०१२ नंतरच्या यंत्रांत युईएफआय आणि जीपीटी ही नवी पद्धत आली. तिच्यात चार पार्टिशनांची अट गेली, जागे करणारे प्रोग्राम एका छोट्या स्वतंत्र पार्टिशनात राहू लागले. तपशील बदलला, तत्त्व तेच राहिलं. म्हणून सिस्टीम हलवायची तर फायलींबरोबर या सगळ्या नोंदी हलवाव्या लागतात. क्लोन करणारे प्रोग्राम नेमकं हेच काम करतात.

लखनौच्या लॅपटॉपचं उदाहरण इथे खास उपयोगी पडतं, कारण त्यात दोन सिस्टीम होत्या. दुकानदार फॉर्मॅट मारून विंडोज टाकतो तेव्हा विंडोजचा इन्स्टॉलर तो पहिला सेक्टर स्वतःच्या प्रोग्रामने बेधडक लिहून टाकतो. तिथे आधी ग्रब नावाचा लिनक्सचा प्रोग्राम असतो. दोन्ही सिस्टीमांची निवड तोच विचारतो. तो गेला की उबुंटू डिस्कवर जिवंत असूनही दिसेनासं होतं. मालकाला वाटतं, आपल्या लॅपटॉपवर एकच सिस्टीम आहे. पुढच्या खेपेला दुकानदाराला ते ‘बिनकामाचं’ पार्टिशन दिसतं, आणि तो ते विंडोजच्या पदरात टाकतो. सरकारने तिजोरीतून २,८०० कोटींहून अधिक रुपये मोजून दिलेल्या दोन सिस्टीमांपैकी एक अशी दोन फेऱ्यांत कायमची नाहीशी होऊ शकते, आणि त्यासाठी कोणाचाही वाईट हेतू लागत नाही. शिवाय गेलं ते उबुंटूच नव्हे. कंपनीने भरून दिलेले ड्रायव्हर, हिंदी-उर्दू टंकलेखनाची सोय, मूळ स्थितीला परतण्यासाठी राखलेलं रिकव्हरी पार्टिशन, असं सगळं त्याच पुसण्यात जातं. त्या काळातल्या एचपीच्या अनेक लॅपटॉपांवर चारही पार्टिशनांच्या जागा कंपनीनेच व्यापलेल्या असत. तिथे हात घालायचा तर कोणतं पार्टिशन कशासाठी आहे हे माहीत असावं लागतं, आणि दुकानात गिऱ्हाईक उभं असताना ते कोण पाहत बसणार?

या पद्धतीची मुळं बाजाराच्या अर्थकारणात आहेत, आणि मी दुकानदाराला दोष देत नाही. नव्याने विंडोज टाकायला त्याला अर्धा-पाऊण तास पुरतो आणि त्यातला बराच वेळ तो दुसरं काम करू शकतो. ५०० जीबीची थकलेली डिस्क क्लोन करायला कित्येक तास लागतात, मध्येच खराब सेक्टर लागला तर पुन्हा सुरुवात, आणि गिऱ्हाईक दोन्हीला सारखेच पैसे देणार. एके काळी नॉर्टन घोस्ट नावाचा प्रोग्राम भारतातल्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याच्या सीडीच्या पाकिटात असे. १९९५ साली न्यूझीलंडमध्ये तो तयार झाला, १९९८ मध्ये सिमँटेकने विकत घेतला. पण दुकानांत त्याचा मुख्य उपयोग एकच तयार सिस्टीम पन्नास यंत्रांवर ओतण्यासाठी होई. एका माणसाची स्वतःची सिस्टीम जपून हलवण्यासाठी क्वचितच. सिमँटेकने तो ३० एप्रिल २०१३ रोजी बंद केला, म्हणजे लखनौतलं लॅपटॉप वाटप सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. त्याची जागा घेणारे प्रोग्राम आज फुकट मिळतात. तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रातून आलेलं क्लोनझिला पेन ड्राइव्हवरून चालतं, विंडोज आणि लिनक्स दोन्ही ओळखतं. किंगस्टन, सॅमसंग यांसारख्या एसएसडी कंपन्याही आपल्या गिऱ्हाइकांना क्लोन करण्याचा प्रोग्राम देतात. त्यामुळे ‘साधन नाही’ ही सबब आता उरलेली नाही.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप असा : जुनी सिस्टीम जशीच्या तशी नेली की तिच्यातला कचराही येणार. दहा वर्षांत टाकलेले शंभर प्रोग्राम, अर्धवट काढलेले टूलबार, कदाचित एखादा व्हायरसही. नव्या डिस्कवर ताजी सिस्टीम असावी, हे म्हणणं कानाला गोड लागतं, आणि त्यात तथ्यही आहे. तरी दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. पहिली, ज्याला लोक कचऱ्यामुळे आलेला मंदपणा म्हणतात तो बहुतांशी त्या फिरत्या डिस्कचाच मंदपणा असतो. एसएसडीवर गेल्यावर तोच कचरा फारसा जाणवत नाही, आणि मग तो सवडीने, एकेक प्रोग्राम पाहून काढता येतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. माणसाला आपल्या सिस्टीमवर काय काय आहे, याची पूर्ण यादी कधीच आठवत नसते. जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटचा संच, प्रिंटरचा आता न मिळणारा ड्रायव्हर, टॅलीचा जुना डेटा, डिजिटल सहीचं प्रमाणपत्र, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, आउटलुकची पत्रांची फाइल : यातली निम्मी डॉक्युमेंट्सच्या फोल्डरात नसतात. डेटा ठेवा, फॉर्मॅट करा, असं सांगणारा दुकानदार डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स कॉपी करतो आणि प्रामाणिकपणे समजतो की सगळं घेतलं. हरवलेल्या गोष्टीचा पत्ता सहा महिन्यांनी, गरज पडते त्या दिवशी लागतो. क्लोन करताना निवड करावीच लागत नाही, हा त्याचा खरा फायदा. हां, सिस्टीमला खरोखरच लागण झालेली असेल, किंवा तिच्यावरचं विंडोज चोरीचं आणि कुलूपतोड्या प्रोग्रामवर चालवलेलं असेल, तर मात्र ती हलवू नये. तिथे ताजी सिस्टीमच योग्य, पण जुनी डिस्क न पुसता.

दुसरी भीती परवान्याची. डिस्क बदलली तर विंडोज पुन्हा विकत घ्यावं लागेल, असं बरेच लोक धरून चालतात, आणि त्या समजुतीवर चोरीच्या विंडोजचा बराचसा धंदा चालतो. वस्तुस्थिती उलट आहे. विंडोज ७ च्या दिवसांत मोठ्या कंपन्यांच्या लॅपटॉपवरची परवान्याची खूण मदरबोर्डवरच्या बायोसमध्ये असे. विंडोज ८ पासून तर परवाना क्रमांकच तिथे कोरलेला येतो, आणि विंडोज १० चा डिजिटल परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो. डिस्क ही या व्यवहारात परकीच असते. मदरबोर्ड बदलला तर अडचण, डिस्क बदलली तर नाही. उबुंटूच्या बाबतीत तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रत्यक्ष कामात अडचणी येतात, आणि त्या लपवून हा युक्तिवाद पुढे रेटणं बरोबर नाही. सगळ्यात आधी डिस्कची तब्येत. प्रत्येक डिस्क स्वतःच्या बिघाडांची नोंद ठेवते. ती स्मार्ट नावाने ओळखली जाते आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा फुकट प्रोग्राम ती वाचून दाखवतो. तिथे बदललेल्या सेक्टरांचा किंवा वाचनाच्या प्रतीक्षेतल्या सेक्टरांचा आकडा वाढता दिसला, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला, तर आधी कामाच्या फाइली बाहेर काढाव्यात आणि मगच क्लोनचा विचार करावा. साधा क्लोन प्रोग्राम खराब जागेवर अडून बसतो आणि त्या अडण्यातच मरणारी डिस्क मारतो. यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम वेगळ्या शहाणपणाने लिहिलेला आहे : वाचता येतं ते सगळं तो आधी घेतो, अवघड जागा सोडून पुढे जातो, कुठे काय राहिलं याची वही ठेवतो आणि मग त्या जागांकडे परततो. टकटकणाऱ्या डिस्कवर मात्र तोही घरी चालवू नये.

मग मापाचा प्रश्न. ५०० जीबीच्या डिस्कच्या जागी बहुतेक लोक २४० किंवा २५० जीबीची एसएसडी घेतात. क्लोनझिला नेहमीच्या पद्धतीने वापरलं तर नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी मागतं, जुनीवर प्रत्यक्षात ८० जीबीच भरलेली असली तरी. म्हणजे आधी पार्टिशन आकसून घ्यावं लागतं. विंडोज ते एका मर्यादेपलीकडे आकसू देत नाही, कारण पेजफाइल, हायबरनेशनची फाइल आणि रिस्टोअर पॉइंट अशा न हलणाऱ्या गोष्टी मधेच ठाण मांडून बसलेल्या असतात. त्या तात्पुरत्या बंद केल्या की जागा मोकळी होते. एसएसडी कंपन्यांचे प्रोग्राम हे आकसणं बरंचसं आपणहून करतात, पण विंडोजशेजारी लिनक्स असेल तर त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. अशा वेळी जीपार्टेड या प्रोग्रामने आधी पार्टिशनं लहान करून क्लोनझिलाने नेलेलं बरं. विंडोज ८ किंवा पुढचं असेल तर फास्ट स्टार्टअप बंद करून लॅपटॉप पुरता बंद करावा. नाहीतर विंडोज अर्धवट झोपेत असतं आणि त्याची प्रत काढणं धोक्याचं ठरतं. नव्या लॅपटॉपांवर, डिस्कवरची माहिती सांकेतिक करणारं, बिटलॉकरचं कुलूप मालकाच्या नकळत लागलेलं असू शकतं. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की बऱ्याच यंत्रांवर ते आपोआप लागतं. त्याची ४८ अंकी किल्ली हाताशी नसताना डिस्कला हात लावू नये.

क्लोन झाल्यावर जी चूक सर्रास होते ती फार साध्या गोष्टीतून येते. दोन्ही डिस्क एकाच लॅपटॉपला जोडून ठेवून लोक तो सुरू करतात. आता दोन डिस्कांची चार बाइटांची खूण एकच आहे, एकाच गट क्रमांकाचे दोन सातबारे झाले आहेत. विंडोज त्यातली एक डिस्क बंद ठेवतं किंवा तिची खूण बदलून टाकतं. उबुंटूला एकाच ओळखक्रमांकाची दोन पार्टिशनं दिसतात आणि तो कोणतं उचलेल याचा नेम नसतो. कधी कधी माणूस आठवडाभर जुन्याच डिस्कवरून काम करत राहतो आणि एसएसडीने काही फरक पडला नाही म्हणून बोटं मोडतो. म्हणून क्लोन झाला की लॅपटॉप बंद करावा, जुनी डिस्क प्रत्यक्ष बाहेर काढावी, नवी जागेवर बसवावी आणि मगच बटण दाबावं. इतकं करूनही निळा पडदा येऊन बूट होण्याचं साधन सापडत नाही असा संदेश दिसला, तर बहुधा बायोसमधली साटाची पद्धत, आयडीई की एएचसीआय, बदललेली असते. पहिली होती तशी ठेवली की काम होतं.

फॉर्मॅटच्या बाजूने बोलणारे धोका या शब्दावर भर देतात, पण दोन्ही मार्गांतला धोका मोजून पाहा. क्लोन फसला तर जुनी डिस्क होती तशी हातात असते; लॅपटॉपमध्ये परत घातली की आपण कालच्या ठिकाणी. फॉर्मॅट फसला, किंवा त्यात काही राहून गेलं, तर परतायला काल उरलेला नसतो. क्लोनमध्ये सगळ्यात मोठ्या धोक्याचा क्षण एकच आहे, स्रोत आणि लक्ष्य निवडण्याचा. तिथे उलट निवड झाली तर रिकामी एसएसडी जुन्या डिस्कवर ओतली जाईल आणि सगळं संपेल. क्लोनझिलाच्या यादीत डिस्कची कंपनी, नमुना आणि आकार लिहिलेले असतात. ते वाचायला एक मिनिट लागतं, आणि या सगळ्या कामात घाई न करण्याची जागा हीच.

आता ‘नवाच घ्या’ हा सल्ला. त्याच्या मागे आज एक ठोस तारीख आहे : १४ ऑक्टोबर २०२५. त्या दिवशी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ७ चा तर १४ जानेवारी २०२० लाच संपला होता. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. २०१३ चा लॅपटॉप त्या दारातून आत जाऊच शकत नाही. मग डिस्कवर खर्च कशाला, असा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की आधार विंडोजचा संपला, यंत्राचा नाही. २ जीबी रॅमला आणखी ४ जीबीची डीडीआर३ पट्टी आणि एसएसडी यांची जोड मिळाली की त्या यंत्रावर हलक्या डेस्कटॉपचं लिनक्स समाधानकारक चालतं, आणि त्याला सुरक्षेची अपडेट आजही मिळतात. विंडोजमधला एखादा जुना प्रोग्राम लागतच असेल तर ती क्लोन केलेली सिस्टीम शेजारी ठेवावी, इंटरनेटपासून तोडून. दोन सिस्टीमांची ती लखनौची मांडणी २०१३ मध्ये अनेकांना निरुपयोगी वाटली असेल. आज ती त्या यंत्राची आयुष्यमर्यादा वाढवणारी एकमेव तरतूद ठरते. बँकेचे व्यवहार विंडोज ७ वर करू नयेत, हे वेगळं सांगायला नको. व्हिडिओ संपादन किंवा नवे खेळ हवे असतील तर नवं यंत्र घ्यावं, त्यात वाद नाही. पण शाळकरी मुलीचं लेखन, दुकानाचा हिशेब, पतपेढीचे अर्ज यांसाठी लॅपटॉप मोडीत घालणं उधळपट्टी आहे. मोडीत घातलेला लॅपटॉप कुठे जातो तेही पाहायला हवं. लखनौच्या वायव्येला रामगंगेच्या काठी मुरादाबाद आहे, पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं. त्याच शहरात सर्किट बोर्ड जाळून आणि आम्लात बुडवून त्यातलं तांबं आणि सोनं काढण्याचा धंदा वर्षानुवर्षं चालत आला आणि त्याची काळी राख नदीकाठी पडत राहिली. राष्ट्रीय हरित लवादाला त्यात लक्ष घालावं लागलं. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत. ते पाळले गेले तरी, लॅपटॉप चार वर्षं उशिरा मोडीत जाणं हे कोणत्याही पुनर्प्रक्रियेपेक्षा स्वस्त पडतं.

हे सगळं सामान्य माणसाने स्वतः करावं का? स्क्रू काढायची भीती वाटत असेल तर करू नये. दुकानातच न्यावं, पण मागणी बदलावी. ‘फॉर्मॅट मारून द्या’ ऐवजी ‘क्लोन करून द्या आणि जुनी डिस्क मला परत द्या’ असं सांगावं, आणि त्या जास्तीच्या तासांचे जास्तीचे पैसे द्यावेत. जुनी डिस्क परत घेण्याचा आग्रह दोन कारणांनी धरावा. ती महिनाभर कपाटात राहिली तर तोच आपला बॅकअप, आणि तिच्यावर आपले फोटो, आधार-पॅनच्या प्रती, पासवर्ड सगळं आहे. डिलीट केल्याने किंवा घाईत फॉर्मॅट केल्याने फिरत्या डिस्कवरचं काही खऱ्या अर्थाने जात नाही. पूर्ण डिस्कवर एकदा शून्यं लिहिली की जातं. नवी सिस्टीम नीट चालते आहे याची खात्री पटल्यावर ते करावं आणि डिस्कची तब्येत चांगली असेल तर ती घरच्या फोटोंच्या साठवणीला वापरावी. सावकाश वाचणारी डिस्क त्या कामाला उत्तम.

राहता राहिली सरकारं. लॅपटॉप वाटणाऱ्या राज्यांत उत्तर प्रदेश एकटं नव्हतं; तामिळनाडूने २०११ मध्येच ही योजना सुरू केली होती. केरळने निराळी वाट धरली. तिथल्या शाळांत लिनक्सवरची स्वतःची सिस्टीम वापरली जाते, ती तयार करून देणारी ‘काइट’ ही सरकारी संस्था आहे, आणि शिक्षकांना तिचं प्रशिक्षण मिळतं. सिस्टीम बिघडली तर ती पुन्हा कुठून आणायची आणि कशी टाकायची, हे तिथल्या शाळेला ठाऊक असतं. वाटपाच्या योजनेत यंत्राच्या किमतीइतकंच हे महत्त्वाचं आहे, आणि त्याचा खर्च यंत्राच्या मानाने नगण्य आहे : मूळ सिस्टीमची उतरवून घेता येणारी प्रत, ती पेन ड्राइव्हवरून टाकण्याची हिंदीतली किंवा मराठीतली चार पानं, आणि डिस्क बदलली तरी वॉरंटी जाणार नाही अशी निविदेत एक ओळ. २५ डिसेंबर २०२१ रोजी लखनौच्याच एकाना स्टेडियमवर योगी आदित्यनाथ सरकारने टॅबलेट आणि स्मार्टफोनचं वाटप सुरू केलं. या उपकरणांत साठवणीची चिप मदरबोर्डवरच डाखलेली असते. ती थकली की नव्या डिस्कवर काही नेण्याची सोयच नाही, आणि अशा यंत्राच्या मालकाला दुकानदार जेव्हा नवंच घ्या म्हणतो तेव्हा त्याचा सल्ला बरोबर असतो.